अभ्यासिकेची बॅटरी पायडल मारून चार्ज होईल का?

प्रश्न : अभ्यासिका_सोलापूर

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही जण मिळून सोलापुरात एक छोटी अभ्यासिका चालवतो. जागा पहिल्या मजल्यावर असून वर पत्र्याचे छत आहे. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वीज गेली की ती कधी कधी दोन-तीन तास येत नाही. सोळा आसने, प्रत्येक आसनावर ५ वॅटचा एलईडी दिवा, ७५ वॅटचे चार जुने पंखे आणि १० वॅटचा वाय-फाय राउटर, एवढाच आमचा भार आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर आहे. बॅटरी आता नवी राहिलेली नसल्यामुळे सगळे चालू ठेवल्यास दोन तासांच्या आत इन्व्हर्टर ओरडू लागतो.

एका देणगीदाराने दिलेल्या दोन जुन्या सायकली आमच्याकडे पडून आहेत. दिवसभर बसून पाठ आखडते, तेव्हा प्रत्येकाने अर्धा तास पायडल मारले तर व्यायामही होईल आणि बॅटरीही भरेल, अशी कल्पना विद्यार्थ्यांनीच मांडली. आमच्यातील एकाच्या ओळखीने अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून यंत्रमागाची १ अश्वशक्तीची जुनी मोटर भंगाराच्या भावात मिळू शकते. ती जनित्र म्हणून चालेल का? या मार्गाने बॅटरी खरोखर किती भरेल, आणि आमच्यासारख्यांना परवडेल असा दुसरा कोणता मार्ग आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : भौतिकशास्त्र_सात_रस्ता

मोटर कोणती घ्यावी हा प्रश्न नंतरचा आहे, आधी भार मोजू. ८० अधिक ३०० अधिक १० मिळून तुमचा भार ३९० वॅट होतो. तीन तासांचे ११७० वॅट-तास झाले आणि इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वाया जातात असे धरल्यास बॅटरीतून जवळजवळ १४०० वॅट-तास उपसावे लागतात. तुमच्या बॅटरीची कागदावरची क्षमता १८०० वॅट-तास आहे खरी, परंतु लेड-ॲसिड बॅटरीची ती क्षमता सावकाश, दहा ते वीस तासांत उपसल्यासच हाती येते. तीच बॅटरी तीन तासांत रिकामी करू गेल्यास बरेच कमी मिळते, आणि रोज निम्म्याहून अधिक उपसा केल्यास तिचे आयुष्यही झपाट्याने घटते. त्यामुळे इन्व्हर्टर ओरडतो यात नवल नाही.

आता माणसाकडे येऊ. निरोगी, परंतु सायकलपटू नसलेला माणूस तासभर सलग पायडल मारून साधारण ७५ वॅट यांत्रिक शक्ती देऊ शकतो. सराव असलेला माणूस याच्या दुप्पट-तिप्पट देतो, पण तुमचे विद्यार्थी शर्यतीची तयारी करत नाहीत. साखळी, जनित्र आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) यांतील घट वजा केल्यावर बॅटरीच्या टोकांशी ५० ते ६० वॅट पोहोचतात. आपण उदारपणे ६० धरू. उपसलेले १४०० वॅट-तास परत भरायचे, तर लेड-ॲसिड बॅटरीची चार्जिंगमधील कार्यक्षमता ८० टक्के धरून १७५० वॅट-तास घालावे लागतील, म्हणजे २९ तास पायडल मारावे लागेल. तुमच्या सोळाही विद्यार्थ्यांनी अर्धा-अर्धा तास दिला, तरी ८ तास आणि ४८० वॅट-तास होतात. गरजेच्या चौथाईहून थोडे अधिक.

हाच हिशेब जेवणाच्या ताटातही मांडता येतो. ७५ वॅट तासभर दिले की सुमारे ६५ किलोकॅलरी एवढे यांत्रिक काम होते, पण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्केच असल्यामुळे शरीर त्यासाठी २६० ते ३२० किलोकॅलरी खर्च करते. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण ३३० ते ३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे एक थोरली भाकरी खाल्ली की ६० वॅट-तास मिळणार, आणि ज्याला आपण बिलात एक युनिट (१००० वॅट-तास) म्हणतो त्याला सोळा-सतरा भाकऱ्या लागणार. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन अंगातून बाहेर पडते. मे महिन्यातील सोलापुरात, पत्र्याखाली, वीज गेलेली असताना पायडल मारणाऱ्याला पंखा हवाच, आणि त्याच्यासाठी ७५ वॅटचा जुना पंखा लावला तर त्याची सगळी कमाई त्याच्याच डोक्यावर फिरून संपेल.

म्हणून पहिला खर्च पंख्यांवर करावा असे माझे स्पष्ट मत आहे. बीएलडीसी (कायम चुंबकाच्या ब्रशरहित मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. चारही पंखे बदलल्यास एकूण भार ३९० वरून २१० वॅटवर येतो, तीन तासांत बॅटरीतून १४०० ऐवजी साधारण ७४० वॅट-तास उपसले जातात आणि तुमची आहे तीच बॅटरी, तिच्यात थोडी धुगधुगी असेल तर, पुरू शकते. एकही पायडल न मारता ही निम्मी बचत होते.

उत्तर : मोटर_वाइंडिंग_कन्ना_चौक

सरांनी हिशेब नेमका मांडला आहे. मी फक्त यंत्राविषयी लिहितो.

यंत्रमागाची मोटर घेऊ नये. ती तीन फेजची इंडक्शन मोटर असते आणि तिच्या रोटरमध्ये चुंबक नसतो. बाहेरून कपॅसिटर जोडून तिच्यातून वीज काढता येते, परंतु त्यासाठी ती तिच्या नेहमीच्या वेगाहून, म्हणजे चार पोलच्या मोटरला मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांहून, थोडी अधिक फिरवावी लागते आणि तिला चुंबकित ठेवण्यातच माणसाची ताकद खर्ची पडते. छताच्या पंख्याची किंवा पंपाची मोटर याच कारणाने बाद होते. भंगारात स्वस्त मिळते म्हणून लोक ती नेतात आणि मग दुकानात येऊन वीज का निघत नाही असे विचारतात.

दुसरी नेहमीची सूचना असते मोटारगाडीच्या अल्टरनेटरची. त्यातून वीज निघते, पण तोही स्वतःचा चुंबक बॅटरीच्या विजेवर तयार करतो. फील्ड कॉइलला ३ अँपिअर दिले की ३६ वॅट तिथेच गेले. इंजिनाला त्याचे काही वाटत नाही. माणसाच्या कष्टाचा तो निम्मा भाग आहे. सायकलचा जुना बाटली डायनॅमो ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा असतो. त्यावर फार तर मोबाइल हळूहळू चार्ज होईल, तोही मध्ये रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) आणि ५ व्होल्टचे सर्किट बसवून.

तुम्हाला हवी आहे ती कायम चुंबकाची मोटर. दोन प्रकार सहज मिळण्यासारखे आहेत. पहिला ट्रेडमिलची डीसी मोटर. ती शंभराहून अधिक व्होल्टची आणि मिनिटाला काही हजार फेऱ्यांची असल्यामुळे साधारण ५०० ते ६०० फेऱ्यांवरच १४-१५ व्होल्ट देऊ लागते, आणि सायकलच्या मागच्या चाकावर पट्टा चढवून एवढा वेग सहज मिळतो. दुसरा, माझ्या मते अधिक चांगला प्रकार म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटरची किंवा सायकलची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसवलेली मोटर. तिला पट्टा लागत नाही, रोलर लागत नाही, साखळी थेट तिच्यावर येते. ३६ व्होल्टची एखादी हब मोटर भाराविना मिनिटाला ३०० फेऱ्या करत असेल, तर उलट बाजूने १५० फेऱ्या दिल्यावर तिच्यातून सुमारे १८ व्होल्ट निघतात. पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या ६० फेऱ्यांना चाकाच्या १४७ फेऱ्या होतात. म्हणजे गिअर न बदलता हिशेब जुळतो. चाक जड असल्यामुळे पायडल वरून खाली येताना बसणारा झटकाही कमी जाणवतो.

हब मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात. त्या तीन फेजच्या ब्रिज रेक्टिफायरला द्याव्यात, पुढे बॅटरीच्या धन टोकाजवळ १० अँपिअरचा फ्यूज बसवावा आणि मधे एक डीसी वॅटमीटर लावावा. ब्रिज असल्यावर निराळ्या डायोडची गरज उरत नाही. ट्रेडमिलच्या मोटरला मात्र शॉटकी डायोड लावलाच पाहिजे. तो नसेल तर पाय थांबताच बॅटरी मोटरला फिरवू लागते, आणि सायकलला फ्रीव्हील (चाक फिरत असतानाही पायडल थांबू देणारा भाग) नसेल तर पायडलही फिरते, ज्यात पाय अडकून इजा होऊ शकते.

पहिल्यांदा बसणाऱ्याला एक गोष्ट विचित्र वाटते, ती आधीच सांगून ठेवतो. बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत पायडल अगदी हलके फिरते आणि त्यानंतर एकदम जड होते. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवत असल्यामुळे त्यापुढे वेग फारसा वाढत नाही. जोर वाढवला की प्रवाह वाढतो. यंत्रात काही बिघाड झाला आहे असे समजून लोक खाली उतरतात.

उत्तर : जुनी_गिरणी

सगळे वाचले. २९ तास पायडल मारण्यापेक्षा एक सोलर पॅनेल बसवावे आणि सायकली गरजू मुलांना देऊन टाकाव्यात. अभ्यासाला आलेल्या मुलांना वीजनिर्मितीला का जुंपायचे, हे मला समजले नाही.

उत्तर : भौतिकशास्त्र_सात_रस्ता

पॅनेलच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. परंतु पायडलची शक्ती थोडी आहे म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, काम त्या मापाचे शोधावे लागते. १९२९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अल्फ्रेड ट्रेगर यांनी दुर्गम भागांतील वस्त्यांसाठी पायडलवर चालणारा रेडिओ संच तयार केला. त्याचे जनित्र सुमारे २० वॅटचेच होते, आणि तेवढ्यावर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या विमानसेवेच्या डॉक्टरला संदेश पाठवता येत असे. त्या जनित्रावर कोणी पंखा लावला नाही.

अभ्यासिकेत तसे काम म्हणजे टेबलावरचे दिवे. पुस्तकापासून हातभर अंतरावर असलेल्या दिव्याला ३ वॅट पुरतात. १२ व्होल्टवर थेट चालणारे ३ वॅटचे सोळा दिवे ४८ वॅट घेतील आणि राउटर धरून ५८ वॅट होतील. तीन तासांना १७४ वॅट-तास. यासाठी मोठ्या बॅटरीला हात न लावता १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची एक छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, जिच्यात २५६ वॅट-तास मावतात. या बॅटरीत घातलेल्या विजेपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत मिळते आणि इन्व्हर्टरमधील घटही टळते. सहा विद्यार्थ्यांनी अर्धा-अर्धा तास पायडल मारले की १८० वॅट-तास होतात. पंखे बंद पडले तरी वाचन थांबणार नाही. वेळ मात्र सकाळची ठेवावी. वीज गेल्यानंतर संध्याकाळी घामाघूम होण्यात अर्थ नाही.

उत्तर : मंगळवेढ्याहून

आमच्याकडे अजून बैल आहेत. जुन्या तेलाच्या घाण्यासारखी रचना करून बैलांकडून बॅटरी भरता येईल का, असा विचार मनात आला. अभ्यासिकेला उपयोग नाही, पण वस्तीवर कामाला येईल.

उत्तर : मोटर_वाइंडिंग_कन्ना_चौक

बैलजोडीची ताकद साधारण १ अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट धरतात, तेव्हा ताकद माणसाच्या दहापट आहे. अडचण वेगाची आहे. बैल गोल फिरताना मिनिटाला दोन-तीन फेऱ्या होतात आणि जनित्राला काही शेकडो लागतात. एवढा वेग वाढवणारा गिअरबॉक्स आणि त्यातील घर्षण यांचा खर्च पाहता वस्तीवर पॅनेलच स्वस्त पडेल. शिवाय चारा आलाच.

उत्तर : सोलर_फिटर_जुळे_सोलापूर

पॅनेलचा विषय निघाला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सोलापुरात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ५ तास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. ३३५ वॅटचे एक पॅनेल घेतले आणि उष्णता, धूळ, वायर व कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी भरण्यावर नियंत्रण ठेवणारे यंत्र) यांसाठी ३० टक्के वजा केले, तरी दिवसाला साधारण ११७० वॅट-तास मिळतील. बीएलडीसी पंखे बसवल्यानंतर तुमच्या बॅटरीला रोज लागणारे सुमारे ९२५ वॅट-तास त्यात बसतात. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत कमी पडेल, पण तुमची अडचण उन्हाळ्याची आहे.

सर्वाधिक फसगत कंट्रोलरमध्ये होते. ३३५ वॅटच्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज सुमारे ३८ असते. ते साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर पॅनेल बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढले जाते आणि साडेआठ-नऊ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ११५ वॅट हाती लागतात. बाकीचे दोनशे वॅट तुम्ही विकत घेऊन छतावर ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे एमपीपीटी (पॅनेलला त्याच्या कामाच्या व्होल्टेजवर ठेवून बॅटरी भरणारा) कंट्रोलर घ्यावा, किंवा मग ३६ सेलची, १८ व्होल्टची लहान पॅनेले घ्यावीत.

पत्र्यावर पॅनेल चिकटवून बसवू नये. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के शक्ती गमावते. मे महिन्यात सेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत गेले की १६ टक्के गेलेच. खालून हवा खेळावी म्हणून वीतभर अंतर ठेवावे, तोंड दक्षिणेला आणि कल १७-१८ अंशांचा असावा. चौकट नुसत्या पत्र्याला न कसता खालच्या लोखंडी पर्लिनपर्यंत (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीपर्यंत) बोल्ट न्यावेत, कारण वळवाच्या पावसाआधी सुटणारे वारे आपल्याकडे पत्रेच उचलून नेतात.

आणखी दोन गोष्टी. अनुदानाच्या योजनेतून घरोघरी बसणारी ऑन-ग्रीड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा वीज गेल्यावर बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी ती तशीच बनवलेली असते, त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून ती घेऊ नये. तुम्हाला बॅटरी भरणारी यंत्रणा हवी आहे. गच्चीवरच्या छोट्या पवनचक्कीचेही काही जण सुचवतील. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात १ मीटर व्यासाच्या पात्यांना तीनेक वॅट मिळतात. शहरातल्या इमारतींमध्ये तिच्या नादी लागू नये.

प्रश्नकर्ता : अभ्यासिका_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता पंखे आधी बदलायचे, एक पॅनेल मोठ्या बॅटरीसाठी बसवायचे आणि पायडलवर फक्त दिव्यांची छोटी बॅटरी ठेवायची, असे आम्ही ठरवत आहोत. पायडलला सोलरचाच कंट्रोलर जोडता येईल का? दोन्ही बॅटऱ्यांची काळजी काय घ्यावी? आणि जुन्या बाजारात हब मोटर पाहताना ती योग्य आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : सोलर_फिटर_जुळे_सोलापूर

सोलरचा कंट्रोलर पायडलला जोडू नये. बॅटरी भरली की तो पॅनेलला अलगद सोडून देतो आणि पॅनेलचे व्होल्टेज एका मर्यादेपुढे जात नाही. जनित्राचे तसे नसते. भार सुटताच पायडल हलके होते, माणूस जोरात फिरवतो आणि व्होल्टेज चढत जाऊन कंट्रोलर जळतो. लिथियम बॅटरीच्या आतील बीएमएसनेही (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटनेही) भरल्यावर असाच संबंध तोडला, तर तो झटका थेट दिव्यांना बसतो. म्हणून १४.२ व्होल्टला चालू होणारा व्होल्टेज रिले बसवून त्यावर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब जोडावा. बॅटरी भरल्यावर भार त्या बल्बवर जाईल, आणि तो पेटला की पुढच्या विद्यार्थ्याची पाळी नाही हे सर्वांना दिसेल. राउटरला १२ व्होल्ट स्थिर ठेवणारे छोटे रेग्युलेटर सर्किट मधे द्यावे, कारण भरलेली बॅटरी १३ ते १४ व्होल्ट देते.

ट्युब्युलर बॅटरीसाठी कंट्रोलरवर १४.४ व्होल्ट ही मर्यादा ठेवावी, पण ती २५ अंश तापमानाची आहे. ४० अंशांना सुमारे ०.३ व्होल्टने कमी हवी, नाही तर पाणी लवकर उडते. त्यामुळे तापमानाचा सेन्सर असलेला कंट्रोलर मिळाल्यास तोच घ्यावा. डिस्टिल्ड पाण्याची पातळी उन्हाळ्यात वरचेवर पाहावी आणि बॅटरी अर्धी उपसलेली तशीच ठेवू नये, कारण प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, तेव्हा ती बंद कपाटात नको.

उत्तर : मोटर_वाइंडिंग_कन्ना_चौक

हब मोटरमध्ये दोन जाती असतात. लहान, हलक्या मोटरच्या आत गिअर आणि फ्रीव्हील असते. पुढच्या दिशेने चाक फिरवले तर आतला चुंबक फिरतच नाही, म्हणून तुमच्या कामाला ती शून्य. तुम्हाला गिअर नसलेली, थेट फिरणारी मोटर हवी. ती जड आणि रुंद असते, पण नुसत्या वजनावर जाऊ नये. दुकानात चाक उचलून हाताने पुढच्या दिशेने फिरवावे, मग तीनपैकी कोणत्याही दोन जाड वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवावे. टेकवल्यावर चाक अडकल्यासारखे जड होत असेल तर मोटर थेट आहे आणि त्या दोन वायरींमधले वाइंडिंगही शाबूत आहे. तिन्ही जोड्या अशा तपासाव्यात. एकाच जोडीला चाक जड होऊन उरलेल्या दोन जोड्यांना मोकळे फिरले तर आत एक फेज तुटलेली आहे, आणि तिन्हींना मोकळे फिरले तर ती बहुधा गिअरवालीच असते. मागे साखळीचा दातेरी फ्रीव्हील चढवायला हबवर आटे आहेत का तेही पाहून घ्यावे, कारण स्कूटरच्या मोटरला ते नसतात आणि लेथवर वेगळी फ्लँज करून घ्यावी लागते.